धडा सातवा : पाहुणे

औसा रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर, पत्र्याखालच्या खोलीत
मी बावीस नर्सांना जर्मन शिकवते.
क्रियापद वाक्याच्या शेवटी ढकलायचं
हे त्यांना लगेच जमलं. आपलं आधीपासून तिथंच असतं.

अडलं ते सातव्या धड्यात.
चित्रात टेबल, मेणबत्ती, कापलेला पाव,
सगळं थंड.
"रात्रीचं जेवण मनायचं का ह्याला?" उर्मिला बिराजदार विचारते,
"का सैपाक व्हायच्या आधीचा फोटो हाय?"

मी सांगते, तिकडं तसंच असतं.
आधी फोन करून जायचं. सहा म्हणजे सहा.
घ्या म्हणून एकदाच विचारतात,
नको म्हटलं की ताटली उचलतात.

वर्ग गप्प.
मग मागच्या बाकावरून, हळूच :
"मंजे पहिल्याच वेळी हो मनायचं?
लाज नाही वाटायची?"

हे पुस्तकात नाही.
मी फळ्यावर लिहिते : हो, आनंदानं घेईन.
बावीस जणी तीनदा घोकतात,
तोंडाला पदर लावल्यासारख्या आवाजात.

नंतर संवाद. दैवशाला पाहुणी, निलोफर घरधनीण.
"मला एक ग्लास पाणी मिळेल का?"
दैवशाला फळ्याकडं बघून म्हणते, बिनचूक.
निलोफरकडं बघून तिला म्हणता येत नाही.
"मॅडम, पाणी मागायचं असतंय का?
आमच्या गल्लीत नळ दहा दिसाला येतो.
तरी दारात माणूस दिसला
की माय आधी तांब्या आणती, मंग नाव विचारती."

मी काय सांगणार.
मी जर्मनी पाहिलेली नाही.
पुण्यात दोन वर्षं, चरे पडलेली एक सीडी,
आणि तिथं चार महिने राहून आलेल्या एक बाई,
एवढ्या भांडवलावर मी तिकडचा रविवार शिकवते :
दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही,
काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या.
रस्ता विचारायचा धडा आला की फळ्यावर गंजगोलाई काढते,
तिचे सोळा रस्ते.
"तिसऱ्या रस्त्याला वळा."
कुठून तिसरा, ह्यावर अर्धा तास जातो.

वक्तशीरपणाच्या दिवशी मात्र मी हरले.
तासभर घड्याळ शिकवलं, पावणे, सव्वा, साडे,
(त्यांचं साडेचार म्हणजे अर्धं पाच, तेही पटवलं)
आणि चार दहाला सात-आठ फोन एकदम वाजले.
नळ आले.
बाक रिकामे. एका मिनिटाचा उशीर नाही.

दैवशाला मार्चात गेली.
त्या गावाचं नाव मला नीट उच्चारता येतं,
नकाशावर सापडत नाही.
परवा रात्री तिचा आवाज आला, साडेतीन मिनिटांचा :

"मॅडम, वार्डात एक आजोबा हायत, कुणाशीच बोलत नाहीत.
काय बोलावं सुचंना मला,
मनून आपलं आपल्यासारखं इचारलं, जेवलाव का?
माझ्या वहीत तुम्ही लाल पेनानं खोडलं होतं बगा तेच.
तर त्यायनी समदं सांगितलं.
पावाचे दोन तुकडे. चीज. आंबट काकडी एक.
चहा निम्मा ठेवला.
लोणी लै कडक होतं मनले.
मला अर्धंच कळलं.
आता रोज सांगतात. काल तर मी इचारायच्या आधीच.

आन् हां, एका घरी पाणी मागितलं मी,
तोंडाकडं बघून.
त्या बाई मनल्या, बुडबुड्याचं का साधं?
हे नव्हतं शिकवलं तुम्ही."

सोमवारपासून नवी बॅच. अहमदपूरच्या चार, उदगीरच्या सहा.
सातव्या धड्याच्या समासात
मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय :
बुडबुड्याचं का साधं.