आजव्याला जायचा कागद

वीजबिलाच्या पाठीवर लिहितेय.
बस साडेसातची.
सुटते पावणेआठला, पण घरात साडेसातच म्हणायचं.

खिडकी एक, मुलं दोन.
जाताना केतकी, येताना अनय.
येताना तो झोपलेलाच असणार,
म्हणजे दोन्ही वेळा तीच.
हे अनयला सांगू नये.

अर्धं तिकीट एक.
सव्वापाच वर्षांची आहे ती, आणि हे
कंडक्टरनं विचारायच्या आधीच
सांगून टाकेल, गुजरातीत.

दशम्या. लिलो चिवडा. लिंबू.
उलटीची पिशवी.
आणखी एक उलटीची पिशवी.

फाट्यावर उतरून छकडा मिळाला तर छकडा,
नाहीतर चालत: अनय माझ्या कडेवर,
बॅगा यांच्या खांद्यावर,
आणि दमलेल्या केतकीचं काय, ते अजून ठरत नाहीये.

नेनेकाकू जिन्यातून म्हणाल्या, सरळ गाडी करा की.
हो म्हटलं. गाडीच्या पैशात
बालवाडीचे दोन महिने निघतात.

परतीची शेवटची बस कितीची?
डेपोतला फोन वाजतोय.
वाजतोच आहे.

"तळं केवढंय?"
बासष्ट दरवाजे आहेत त्याला.
"मग कुलपं कोण लावतं?"

सुचेना काही. म्हटलं,
आपल्या नळाला येतं ना, ते पाणी तिथलंच.

उठली. मोरीतला नळ सोडला.
रात्री दहाला कुठलं पाणी;
नळानं नुसता घसा खाकरला.
त्याच्या तोंडाशी वाकून म्हणाली,
"राहू दे. उद्या आम्हीच येतोय."

मग अनयला ढकलून
खिडकीकडची उशी धरली.