तोंडीच्या आधी

रविवारी दहाला माझी तोंडी.
आज गुरुवार. अल खोरच्या या तिसऱ्या मजल्यावर
एसी छातीत कफ असल्यासारखा चालतो
आणि फ्रीजच्या दारावर, विजेच्या बिलाशेजारी
क्रेब्ज चक्र चिकटवलंय.
वेदांगने त्यातल्या एका बाणाला मिशा काढल्यात.

विश्राम रास लफानची रात्रपाळी संपवून येतो,
बूट काढता काढता विचारतो, "आज काय सुटलं?"
सुटलं म्हणजे जमलं की राहून गेलं,
ते आम्हा दोघांनाही नीटसं ठरवता येत नाही.

मी शिकले ते परासरण.
ऑस्मोसिस फार नंतर आलं, कॉलेजात, शेवटच्या बाकावर.
मायटोकाँड्रिया यायच्या आधी तंतुकणिका येऊन बसल्या होत्या
आणि त्या काही उठायला तयार नाहीत.
अजूनही प्रश्न इंग्रजीत येतो,
दारातल्या पायपुसण्याला पाय पुसून मराठीत शिरतो,
पाणी पितो,
मग उत्तर घेऊन बाहेर पडतो.
तेवढा वेळ समोरच्यांना वाटतं, बाई विचार करतेय.

माझं झाड एकच. पुस्तकात एव्हिसिनिया मरीना.
इथे त्याला कुर्म म्हणतात, आणि मला दर वेळी कासव दिसतं.
आमच्या दाभोळच्या खाडीत ते नुसतं तिवर.
भाऊ ओहोटीला पाला कापून आणायचा म्हशीला.
इथे अल थखीरात तोच पाला उंट खातात,
गुडघाभर चिखलात उभे राहून, पापणी न हलवता.
पहिल्या दिवशी मी पान उलटलं आणि नकळत चाटलं.
तेच मीठ.
डॉक्टर सुआद म्हणाल्या, "नमुना आहे तो, नाश्ता नव्हे."

तिकडे कौलांच्या वर जायचं हे झाड.
इथे माझ्या खांद्याला लागतं.
नदी नाही, पाऊस नावापुरता,
समुद्रच जाड, क्षारता चाळिसाच्या वर.
का खुजं राहतं, यावर माझी अडुसष्ट पानं.
विश्रामला जेवताना सांगितलं:
जेवढं कमावतं त्यातलं बरंचसं मीठ बाहेर टाकण्यात जातं.
त्याने भाकरी मोडली. म्हणाला,
"मग उंची कुठल्या पैशातनं काढणार?"
इतकं नेमकं वाक्य त्या अडुसष्ट पानांत नाही.

काल सराव झाला. इमाद आणि रोवेना परीक्षक.
इमादने तर कुणाचा तरी टायही बांधला होता.
शेवटी सुआद म्हणाल्या,
"ते विचारत राहतील. तुला येत नाही तिथपर्यंत नेतील.
पुढे तू कशी उभी राहतेस, तेवढंच बघायचं असतं त्यांना."

आमच्या शाळेत येत नाही तिथे बाकावर उभं राहायचं.
चौथीत एकदा खरं बोलले, "माहीत नाही, बाई."
पट्टी आडवी नाही, उभी लागली.
तेव्हापासून मी काहीही बोलायला शिकले,
पण गप्प नाही बसले.
आता छत्तिसाव्या वर्षी न्हाणीघराच्या आरशासमोर
पुन्हा म्हणून बघते.
"आय डोन्ट नो" सहज निघतं, ते कुणाचंच नसतं.
"माहीत नाही" म्हणताना
तळहात आपोआप मिटतो.

संध्याकाळी वेदांग चिठ्ठ्या घेऊन बसला.
आलेल्यांचा गठ्ठा उजवीकडे, न आलेल्यांचा डावीकडे.
श्वासमुळं आली. मी घडाघडा म्हटलं:
चिखलात हवा नसते, म्हणून ती वर येतात.
"मग भरती आली की?"
बंद करून घेतात. धरून ठेवतात.
"किती वेळ?"
चिठ्ठीवर हे नव्हतं.
मी पुस्तकाकडे हात नेला, मागे घेतला.
माहीत नाही, म्हटलं. पण मोजता येईल.
त्याने चिठ्ठी उजवीकडे ठेवली की डावीकडे,
मी पाहिलं नाही. गॅसवर दूध होतं.

रविवारी दहाला थखीरात भरती आहे.
तक्ता काढून बघितलं.
उगाच.