सातवा सामना

पहाटे साडेपाचला दिवाडीच्या वळणावर
पोदेराचा भोंगा वाजतो,
तेव्हा बोस्त्यांवच्या फोनमध्ये
कालची रात्र अजून सुरूच असते.
तीन-तीन. आज शेवटचा.

जहाजावर बावीस वर्षं कांदे सोलले त्याने.
क्रेनवाल्यांच्या संपात कुठल्याशा बंदरात अडकला
आणि बेसबॉल शिकला.
कुणाकडून, ते सांगत नाही.
गुडघा गेला, बोट सुटली, संघ तोच.

मला एवढंच कळतं:
एक फेकतो, एक हुकतो,
आणि जिवाच्या आकांताने धावून
निघालो तिथंच पोचायचं.
"त्या जागेक घर म्हणटात," तो म्हणाला,
गुडघ्याला तेल चोळत.

नवव्या डावात नेट गेलं.
पडद्यावर नुसतं चाक.
फोन उंच धरून बोस्त्यांव निघाला,
एका पायात चप्पल,
थेट फेरीच्या धक्क्यापर्यंत.

परतीच्या वाटेवर इनास पोदेराने सायकल टेकवली.
"कोण जिखलो?"

फेरी सुटत होती.
त्याने फोन खिशात घातला,
टोपलीतले उरलेसुरले उंडे बोटाने दाबून पाहिले,
चार घेतले. मग आणखी दोन.

"सय?" इनास म्हणाला. "घरांत तूं एकलोच न्ही?"