पाचांपैकी दोन

टाम्पेरेत नोव्हेंबर होता, दुपारी तीनलाच दिवे लागलेले.
रात्रीच्या पानासाठी चाळीस मिनिटं हातात
आणि दाढेत ठणका.

इल्पो राउतासचा एकट्याचा पहिला अल्बम.
अठरा वर्षं ज्या बँडपुढे उभा राहून तो किंचाळला
तो वसंतात फुटला होता,
व्हॅन कोणी ठेवायची या भांडणात.
मी पहिली बाजू पूर्ण ऐकली, दुसरी अर्धी,
आणि लिहिलं:
बँड काढून घेतला की उरतो
खुंटीवर टांगलेला कोट. आत माणूस नाही.

वाक्य जमलं होतं. खोटं कशाला बोलू,
दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं.
खाली पाचांपैकी दोन तारे दिले
आणि दाढ काढायला गेलो.

हेलसिंकीच्या मासिकानं री ओढली.
रेडिओवरच्या बाई नुसतं 'कोट' म्हणाल्या आणि हसल्या.
डिसेंबरात भर कार्यक्रमात कोणीतरी
खराखुरा कोट स्टेजवर फेकला, हँगरसकट.
इल्पोनं उचलला, अंगात घातला,
बाह्या आखूड होत्या,
उरलेली चार गाणी तसाच गायला म्हणतात.
मी नव्हतो. मला दुसरं काम होतं.

दुसरा अल्बम आला नाही.
तो नगरपालिकेच्या बर्फ लोटायच्या ट्रकवर लागला,
पहाटेच्या पाळीला.
कधीकधी खिडकीखालून पिवळा दिवा फिरत जायचा
आणि मी कूस बदलायचो.

या एप्रिलात जुन्या बाजारात
तीन युरोला मिळाली तीच तबकडी.
आत घडी घातलेलं माझं परीक्षण, चहाच्या रंगाचं,
कडा कात्रीनं नीट कापलेल्या.
कोटाच्या वाक्याला कोणी हात लावला नव्हता.
पेन्सिल होती फक्त तिथे, जिथे मी
उदार होऊन लिहिलं होतं:
चौथ्या गाण्यातली गिटार बरी आहे.
समासात जुन्या वळणाचं, गिरवून शिकलेलं अक्षर:

गिटार नव्हे. कांतेले. पाच तारांचं.
मी वाजवलं, स्वयंपाकघरात.
खुर्ची कुरकुरते, त्याबद्दल माफ करा.

सही नव्हती.
विकणारा म्हणाला, राउतास आजींच्या घरातला खोका,
हवा असेल तर वाट्याही आहेत त्यात.

घरी येऊन चौथ्या गाण्यावर सुई टेकवली.
कानाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय,
वरचे सूर गेले, ते आता परत यायचे नाहीत.
खुर्ची ऐकू आली. अगदी स्पष्ट.
इल्पोनं श्वास घेतला, आणि गायलाच नाही.
तेव्हा मी याला चूक म्हटलं होतं.
तो वाट करून देत होता.
स्पीकरला कान लावून बसलो.
खालच्या दोन तारा लागल्या,
उरलेल्या तीन
कुठेतरी वर, माझ्या हद्दीबाहेर.

आइला दारात येऊन उभी राहिली, हातात ओला टॉवेल.
"कोण वाजवतंय हे?"
नाव जिभेवर आलं होतं.
म्हटलं, इकडे ये, बस,
आधी तू सांग, तुला काय काय ऐकू येतंय.