रंगीत तालीम

अजून काहीच झालेलं नाही.
रेडिओवरची निवेदिका एका दूरच्या शहराचं नाव
रोज थोडं अधिक नीट उच्चारू लागलीय,
एवढंच.

पण ओलावीनं तळघरातली मोठी फळी रिकामी केली.
राईचं पीठ बारा किलो, वाटाणे, मीठ, काडेपेट्या,
हेरिंगचे डबे, तारखा दर्शनी बाजूला.
कॉफी तेवढी मोजली नाही.
कॉफी मोजायची वेळ आली, म्हणाला,
तर मग जगायचं तरी कशाला.

मी रक्तदाबाच्या गोळ्या मोजल्या.
काल एकोणनव्वद, आज अठ्ठ्याऐंशी.
एक कुठे गेली यावरून अर्धा तास भांडलो.
सापडली. माझ्याच पोटात होती, सकाळची.

औलूहून अर्तोचा फोन :
आई, तहान लागल्यावर विहीर खणायची नसते.
बाबा रे, आम्ही तळ्याकाठी राहतो,
इथे तहानेच्या आधी बर्फ फोडावा लागतो
आणि रोज फोडावा लागतो,
भोक रात्रीतून बुजतं.

सगळं लागलं फळीवर. एक गोष्ट राहिली :
आजारी माणूस ठेवायचा कुठे?
घर म्हणजे एक खोली, एक चूल, एक खाट.
उरला काठावरचा सॉना.
त्याच्या काळ्या भिंतींना नवल नाही कशाचं.
ओलावी तिथेच जन्मला, खालच्या बाकावर,
आणि त्याच्या आईला शेवटची आंघोळ
तिथेच घातली आम्ही, मी पाणी कोमट करून दिलं होतं,
कशासाठी कोण जाणे.

कोण जायचं?
ज्याला आधी खोकला येईल तो.
आणि दोघांना एकदम आला तर?
मग घरातच झोपू, म्हणाला, आता लपायचं कुणापासून.

गुरुवारी तालीम केली.
गादी, बादली, थर्मामीटर घेऊन तो गेला
आणि मानसिक्कीच्या गळ्यातली घंटा घेऊन.
गाय जाऊन तीस वर्षं झाली, घंटा अजून ठणठणीत.
एक टोल : भूक. दोन टोल : लाकडं संपली.
तीन टोलांचं
काही ठरवलं नाही.

मी ओंडक्यावर ताटली ठेवली,
डावानं दार ठोठावलं,
तेरा पावलं मागे सरले.
उणे बावीस. दार उघडलं, वाफ बाहेर आली, मग तो.
लोकरी टोपी, आतला पांढरा पायजमा.
एकोणपन्नास वर्षांत इतक्या लांबून
मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.
माणूस बराच बुटका झालाय.
मीठ कमी आहे, तो ओरडला,
आणि दार लावून घेतलं.

रात्री खाट नको इतकी रुंद.
त्याच्या बाजूला हात टाकला तर चादर थंड.
घोरणं नाही म्हणून झोप नाही,
हे मी त्याला कधीच सांगणार नाही.

अडीच वाजता घंटा.
एक. दोन.
तीन.

मोज्यांनिशी धावले बर्फातून.
कोट नाही, मास्क नाही, तेरा पावलं नाहीत,
दार ढकललं तर हा
बाकावर बसलेला, मांडीवर घंटा :
तीनचं ठरलं नव्हतं ना,
म्हटलं, घरापर्यंत ऐकू जातं का बघावं.

शिव्या दिल्या. ज्या आठवल्या त्या सगळ्या,
माझ्या बापाच्या सुद्धा.
तो माझे ओले मोजे काढत राहिला,
पाय चोळत राहिला, नखांत रक्त येईपर्यंत.
तालीम फसली तिथेच.
खऱ्या वेळी आम्ही दोघं
नियम पाळणाऱ्यांतले नाही, हे कळलं.

सकाळी साठ्यातला पहिला डबा फोडला,
महामारी नसताना, नुसत्या भुकेपोटी.
मग मी यादीत खाली एक ओळ वाढवली :
सॉनासाठी दुसरी गादी.

ओलावीनं चष्मा लावून वाचली.
काही बोलला नाही.
टेप घेऊन
बाकाची रुंदी मोजायला गेला.