चौतीस नंबर

बांबोळीच्या पठारावर, तळघरातल्या उंदीरघरात
कायतान पिंजऱ्यांतला भुसा बदलतो.
बाराव्या दिवसाची गाभण मादी मला आणून देतो
आणि पाठ करून उभा राहतो, नेहमीसारखा.

भिंगाखाली उकड्या तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू.
त्याच्या पाठीच्या कडेने निळे ठिपके:
रंगाच्या पेशी, अजून बिनरंगाच्या,
पाठीकडून पोटाकडे निघालेल्या.

वाटेत त्यांना कुणीतरी सतत सांगावं लागतं, जग.
पेशीच्या गाभ्यातलंच एक प्रथिन
डीएनएच्या ठरावीक ओळीवर हात ठेवतं
आणि ती ओळ वाचली जाते.
हात नसला तरी ओळ असतेच, अखंड, एकही अक्षर न चुकलेली.
पेशी मात्र मरते.
आवाज नाही, सांडलवंड नाही,
धुतलेल्या चादरीसारखी स्वतःची घडी घालत.

कायतानला हे सांगितलं तेव्हा म्हणाला, "म्हणजे मानस."
मला वाटलं, मन म्हणतोय.
पण त्याचा बाप आगशीला खाजनाच्या मानशीवर होता;
भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडायचं,
आणि एका रात्री फळी कुजली तर वर्षाचं भात खारं.
"उदक तेंच, बाय. दार कोण राखता तें पळय."
प्रबंधात हे लिहिता येत नाही.

फेस्ताच्या सकाळी कपेलाकडे फटाक्यांची माळ सुटली.
सगळे पिंजरे एकदम दचकले.
चौतीस नंबर खात राहिली,
पुढच्या दोन पायांत दाणा धरून,
नखशिखांत पांढरी, डोळे मोहरीएवढे.
त्याच पेशींना आतल्या कानातही जायचं असतं.
तिथेही कुणी पोहोचलं नव्हतं.

माझ्या डाव्या मनगटावर कोड आहे.
माझ्या पेशी पोहोचल्या होत्या,
बावीस वर्षं राहिल्या, मग उठून गेल्या.
फोंड्याची मावशी स्थळ सांगताना
लांब बाहीचा ब्लाऊज सुचवते.
का गेल्या, ते चौतीस नंबर सांगू शकत नाही.
तिचा प्रश्न वेगळा आहे,
फक्त पांढरा तोच.

हल्ली कायतान तिचं झाकण उघडण्याआधी
पिंजऱ्यावर तळहात ठेवतो, थोडा वेळ.
तिला थरथर कळते, म्हणतो,
मग ती घाबरत नाही.

नोंदवहीत यासाठी रकाना नाही.
मी तारीख टाकते, वजन लिहिते,
आणि बाही कोपरापर्यंत सारते,
कारण इथे उकडतं.