चेंडू नसलेल्या खेळाचा चेंडू

द्वारका आली तेव्हा हातात पिशवी, पिशवीत सहा बनियन.
"जर्सी म्हण गं," ती म्हणाली. "बनियन काय म्हणतीस."
एकोणीस वर्षांनी नायलॉन तसंच असतं,
नंबर मात्र खपलीसारखे सुटतात.
मुद्रिकाच्या पाचाचं नुसतं पोट उरलंय.
नसीमच्या कोपराजवळ मुरमाचा तांबूस डाग,
तो कुठल्याच साबणाला ऐकला नाही.

"लेकीला चेंडू करून दे," म्हणाली. "आठवा लागलाय तिला.
दुकानातला घेतला तर रबराचा वास, लगेच तोंडात घालती."
मी हसले. द्वारके, आपल्या खेळात चेंडू होता का?
दोन खांब, आठ चौकोन,
आणि मागून पाठीवर पडणारा एक हात.
कळंबच्या शाळेला तेवढाच खेळ परवडायचा.

चेंडू पोरांचा. कपाटात, कुलपात.
एकदा घरंगळत आमच्या पाटीत आला
तर पोरं लांबूनच ओरडली,
"शिवू नका गं त्याला!"
आम्ही नाही शिवलो.
आज शिवतेय.

जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर फाक काढली,
मधे चार बोटं, टोकाला काहीच नाही.
सहा जणींच्या सहा फाका.
लाल आता विटेसारखा, पिवळी पट्टी हळदीच्या डागासारखी.
मशीनवर नायलॉन सटकतं, म्हणून हातशिलाई.
सुलटीवर सुलटी ठेवायची, उलटी बाजू जगाला.
आम्हीही तशाच बसायचो,
एकीचं तोंड मांजरेकडं, दुसरीचं बसस्टँडकडं.

सुई आत जाते, बाहेर येते,
एकीच्या मागून, दुसरीच्या पुढून,
हीच ती एकेरी साखळी.
नसीम अशीच पळायची,
हात लागायच्या आत नसायची.
तुळजापूरच्या सेमीफायनलला शेवटच्या मिनिटात
द्वारकानं खांबाशी सूर मारला
आणि गुडघ्यात काहीतरी सुतळीसारखं तुटलं.
एका गुणानं हरलो.
ढवळे सरांनी शिट्टी खिशात घातली,
येताना टमटममधे कुणीच बोललं नाही,
फक्त मुद्रिका मधेच म्हणाली, "भूक लागलीय."

"आत काय भरतीस?"
कातरण. पोत्यात काय कमी आहे?
गणवेशाचं निळं, ब्लाउजांची अस्तरं,
बँडवाल्यांच्या कोटाची जरीची पट्टी,
मास्तरीणबाईंच्या साडीचा फॉल.
"घुंगरू घालू?"
"नको बाई, बैल आल्यासारखं वाटतंय."
मग घुंगरू राहिलं.

दोन बोटांच्या फटीतून चेंडू सुलटा केला.
सगळे टाके आत गेले, गाठीसुद्धा.
पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कातरण ढोसत राहिले,
आधी दामटलेला मोसंबी, मग बरा.
अगदी गोल नाही झाला.
सत्यशीलाची फाक जरा फुगली,
ती खेळतानाही रेषेच्या बाहेर यायची.
शेवटची फट आंधळ्या टाक्यानं मिटवली,
दोरा दातानं तोडला. सर असते तर रागावले असते,
दात सांभाळा म्हणायचे, सगळं सोडून दात.

लेकरानं चेंडू घेतला, पाचाचं पोट चाटलं,
आणि टाकून दिला.
परत दिला, परत टाकला.
"हिला पकडायचंच नाही," द्वारका म्हणाली. "आपल्यावरच गेली."

पैसे घेतले नाहीत. तिनं दिलेही नाहीत.
अर्धा ब्लाउज राहिला होता, संध्याकाळी द्यायचा.
मी मशीनवर वाकले, पायटा चालू केला.
बाह्या, काठ, बाह्या.
द्वारका लंगडत दारापर्यंत गेली असेल असं वाटलं.

तेवढ्यात पाठीवर,
बरोबर दोन्ही खांद्यांच्या मधे,
काहीतरी मऊ टेकलं
आणि मागून, लेकरू दचकू नये इतक्या हळू,

"खो."

नियम असा आहे की बसून राहता येत नाही.
मी उठले.
पायटा माझ्याशिवाय अजून दोनदा हलला.